बक्कल दे मला

सोमवार, संध्याकाळ

प्रिय आत्या,

तू म्हणतेस, पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारणं म्हणजे गाण्याआधी खाकरणं. तरी विचारते. गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बाबा दाढी करताना अजूनही तोच एक सूर चुकवतात, आणि चुकवल्यावर तुझ्या घराच्या दिशेने बघून "माफ कर गं" म्हणतात.

ऑपेराच्या बातम्या मागितल्या होत्यास, त्या देते. नव्या दिग्दर्शकाने रंगमंचावर खरी वाळू टाकली आहे. समुद्र दिसावा म्हणून. समुद्र काही दिसत नाही, पण पहिल्या अंकात पूर्ण कोरस शिंकतो आणि शिंका तालात येत नाहीत. आपल्या नायिका बाईसाहेबांनी या वर्षी पायाला दोन मापं लहान बूट घेतलेत. प्रेमाच्या गाण्यात त्या हळूच एक बूट काढतात आणि नायक राजे आलाप घेईपर्यंत अंगठा मोकळा करून घेतात. शेवटच्या अंकात त्या मरतात. छान मरतात, मला दर वेळी रडू येतं. पण मेल्यावर त्यांचा तोच अंगठा ताल धरतो. शवाच्या मानाने लय फार पक्की आहे. राजे अजून राजेच आहेत. गुराख्याचं काम दिलं तरी मुकुट असल्यासारखी मान धरतात. बुटांना मात्र पॉलिश नाही आणि टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्यात.

एवढं वाचून तू चष्मा काढला असशील. कपडेपटात शिवणारी मुलगी सगळ्यांना गुडघ्याखालीच का बघते, असं मनात आलं असेल.

आत्या, मी कपडेपटात नाही. पहिला महिनाभर होते, म्हणजे तेव्हाचं पत्र खोटं नव्हतं. त्यानंतरची चार पत्रं मात्र खोटी होती. मी तुझ्या खोक्यात बसते, रंगमंचाच्या पुढच्या कडेखाली, गाणाऱ्यांना शब्द पुरवत.

लिहून झालं.

तीन वर्षांपूर्वी राजे दोन ओळी मुके उभे राहिले आणि पडद्यामागे सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रॉम्प्टरबाईंना डुलकी लागली." बावीस वर्षं प्रत्येक ओळ अर्धा श्वास आधी देणाऱ्या बाईला! दुसऱ्या दिवशी तू खोक्याची किल्ली परत ठेवलीस आणि घरी येऊन म्हणालीस, "आपल्या घरातलं कुणी पुन्हा त्या खोक्यात बसणार नाही." मी तिथेच होते, वाटाणे सोलत. मी "हो" म्हटलं होतं. पण मग तुझ्यानंतर आलेली प्रॉम्प्टरबाई आजारी पडली, वाद्यवृंदाच्या कंडक्टरांनी विचारलं, "शब्द कुणाला द्यायला येतात?" आणि तुझ्याच जेवणाच्या टेबलावर शिकलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर आलं. तुझी उशी अजून तिथेच आहे. मी ती उलटी करून बसते, म्हणजे तुझ्या बाजूवर बसले असं होत नाही.

आता कालचं. दुपारचा प्रयोग, तिसरा अंक, निरोपाचा प्रसंग. राजे बाईसाहेबांकडे वळून उभे, त्यांचा डावा बूट माझ्या नाकासमोर. ओळ होती, "निरोप दे मला." मी अर्धा श्वास आधी दिली. काही नाही. पुन्हा दिली, जरा मोठ्याने. बूट हलेना. कंडक्टरांनी वाद्यांना तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. तेवढ्यात मला दिसलं की त्या बुटाचं बक्कल सुटून लोंबतंय, आणि पुढे तर सात पायऱ्या चढायच्या! माझी अक्कल तिथेच गेली. मी म्हटलं, "बक्कल!" नेमके त्याच क्षणी राजे माझ्याकडे वळले, आणि चेहरा उजळून, पूर्ण छातीने, सर्वांत वरच्या सुरात गायले,

"बक्कल दे मला!"

मात्राही जुळल्या गं. आणि बाईसाहेब, ज्या जगबुडी आली तरी लिहिलेलंच गातात, त्यांनी उत्तर दिलं, "कसा देऊ? हात थरथरतात!"

आजच्या पेपरात समीक्षक लिहितो, "निरोप या झिजलेल्या शब्दाऐवजी 'बक्कल' योजून दिग्दर्शकाने बंधनाला नवा अर्थ दिला." दिग्दर्शक सकाळपासून हे सगळ्यांना वाचून दाखवतोय. मॅनेजर म्हणाले, "पुढच्या प्रयोगातही ठेवू." गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती, आणि ती बक्कल नव्हती. चार महिन्यांत राजे जेव्हा जेव्हा अडले, तेव्हा डावा बूट माझ्याकडे होता. उजवा असला की माझा नुसता श्वासही त्यांना कळतो.

म्हणून आज तालमीआधी मी कंडक्टरांकडे गेले. "बक्कल माझ्या तोंडून गेलं, दिग्दर्शकांच्या डोक्यातून नाही. काढायचं तर मला काढा. पण आधी राजेंना डाव्या कानाचं विचारा." कंडक्टर आधी इतके हसले की काठी खाली पडली. मग हसले नाहीत. त्यांनी राजेंना बोलावलं.

राजे आले. मग मान खाली, मुकुटाशिवाय, सगळ्या कोरससमोर म्हणाले, "पाच वर्षं झाली, डावा कान गेलाय. कळलं तर मला घरी बसवतील, म्हणून बोललो नाही. त्या दिवशी बाईंना डुलकी लागली नव्हती. त्यांनी शब्द दिला असणारच, त्या देतच. मलाच ऐकू आला नाही."

कोरसमध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही.

राजेंना कुणी घरी बसवलेलं नाही. आता ते कायम उजवा कान खोक्याकडे करून उभे राहणार, एवढंच. माझंही खोकं तूर्त राहिलंय. गाण्यातून बक्कल काढलं. दिग्दर्शक रुसलाय.

सोबत राजेंची चिठ्ठी आहे. स्वतः येऊन बोलणार होते. मी म्हटलं, आधी आत्याला विचारते. चिठ्ठी मी उघडलेली नाही. उजेडासमोर एकदा धरली होती, पण कागद जाड आहे.

त्यांना माफ कर किंवा नको, ते तुझं तू बघ. मला त्यांच्यापेक्षा माझं जास्त वाटतंय. त्यांनी एकदा खोटं सांगितलं, मी चार वेळा, आणि तेही तुला. तू "ऊठ" म्हणालीस तर मी रविवारआधी उठेन, आणि रुसणारही नाही. खरंच. म्हणजे, रुसेन, पण तुला दिसू देणार नाही.

गुडघ्याला शेक घेत जा. आणि एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर धाड, बाकी काही नको:

उशी सुलटी करू का?

तुझी,
खोक्यातली