अकरा सैल रिळं

प्रिय इंदू,

हे पाकीट फोडल्याबरोबर तू चष्मा शोधायला लागशील. उशीखाली बघू नकोस, फ्रिजवर बघू नकोस, सुनेवर डाफरू नकोस. तो तुझ्या डोक्यावर आहे. कंपनीत होतीस तेव्हा कानाला पेन खोचून सगळ्या शेडभर पेन शोधत फिरायचीस. माणूस तेच, वस्तू तेवढी बदलली.

लावलास? आता नीट बस. पत्र चिमाचं आहे, देहूरोडच्या चिमाबाईचं. अक्षर माझ्या नातीचं, मैत्रीचं. अक्षरांची आणि माझी या जन्मी गाठ पडली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी बोलते, ती लिहिते. मधेच पेन थांबवते आणि म्हणते, आजी, हे जरा मवाळ करू का. मी म्हणते, तिखटमीठ माझं मी घालते, तू नुसतं ढवळ.

पुढच्या शुक्रवारी आपल्या चाकणच्या कंपनीला पंचवीस वर्षं होतात आणि त्या दिवशी तुझा सत्कार आहे, हे माझ्यापर्यंत पोचलं. शाल, श्रीफळ, काचेची ती बाहुली. टिशूचं रीळ लाकडानं ठोकून आवाजावरून पारख करायची रीत म्हणे तू काढलीस, आणि नवीन पोरं तिला अजून 'इंदुताईंची ठोक' म्हणतात. वर साहेबांच्या आणि पाहुण्यांच्या पुढं तू तीन रिळं ठोकून दाखवणार आहेस, कुठलं सैल, कुठलं कडक, कुठलं बरोबर. मला फार आनंद झाला. इतका, की त्या दिवशी भाकरीच गेली नाही.

ही बातमी कुणी आणली माहीत आहे? गेल्या महिन्यात तुझ्या पुनावळ्याच्या फ्लॅटवर एक मुलगी आली होती, स्मरणिकेसाठी तुझी मुलाखत घ्यायला. चुरचुरीत पोहे केलेस तिच्यासाठी. दोन तास बोललीस. कंपनी, शिफ्ट, रिळं, सगळं सांगितलंस, आणि एक नाव तेवढं विसरलीस. समोर बसलेली पोरगीसुद्धा तू ओळखली नाहीस, इंदू. ती मैत्री. हिच्या बारशाला झोळीची दोरी तू धरली होतीस. आता ती त्याच कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं निघताना मुद्दाम विचारलं, तुमच्या जोडीला कुणी होतं का? तू म्हणालीस, "होती एक झाडणारी. बाकी सगळं मीच."

झाडणारी होतेच मी. खोटं बोलली नाहीस.

पण झाडू हातात यायच्या आधीची गोष्ट आठवते का बघ. पहिल्या वर्षी आपल्याला दोघींनाही कागदातलं काही कळत नव्हतं. त्या घराएवढ्या तापल्या ढोलावरून कागद खरवडून निघायचा आणि पुढं रिळावर गुंडाळायचा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आणि वेग असा की बघता बघता माणसाच्या उंचीचं रीळ उभं. सगळी मेख त्या गुंडाळण्यात. ताण जास्त झाला की कागदाची बारीक चुणी मरते, मऊपणा जातो, मग त्यानं तोंड पुसा नाहीतर भांडी घासा. ताण कमी झाला तर वरून काही दिसत नाही, छान गुबगुबीत दिसतं रीळ. पण कापायच्या मशीनवर चढवलं की आतले थर सरकतात आणि एका अंगाला पोट बाहेर येतं. सगळं रीळ वाया. साहेब लोक डोळे लावून बघायचे. डोळ्याला सैल रीळ दिसत नाही. मी एकदा डब्याच्या पिशवीतलं लाटणं काढून सहज ठोकलं. ते लाटणं मी पोळ्या लाटायला नाही, रात्रपाळीच्या वाटेवरच्या कुत्र्यांसाठी बाळगायचे, हे तुला माहीत आहे. चांगलं रीळ भाजलेल्या मडक्यासारखं बोललं. शेजारचं बोललंच नाही, गादीवर बुक्की मारावी तसं गप्प. मी म्हटलं, हे आतून पोकळ आहे. तू हसलीस. दुपारी कापणीला गेलं आणि त्याचं पोट बाहेर आलं. मग नाही हसलीस.

उद्धवराव सुपरवायझरनं ते बघितलं आणि लगेच नियम काढला. जी रिळावरची चिठ्ठी लिहिणार तिनंच ठोकायचं. चिठ्ठी कोण लिहिणार? दहावी झालेली इंदू. माझ्या हातातलं लाटणं तुझ्या हातात गेलं आणि तुझ्या हातातला झाडू माझ्या. पण ऐकणार कोण? तुझ्या कानाला मडकं आणि गादी सारखीच. तेव्हा आपण दोघींनी ती युक्ती केली. रिळं उतरवून ठेवायची शेड मशीनपासून लांब होती, तिथं बारीक आवाजसुद्धा ऐकू यायचा. तू ठोकायचीस, मी मागं कागदाचा भुसा झाडत असायचे. एकदा खोकले तर रीळ चांगलं. दोनदा खोकले तर सैल. तीनदा खोकले तर कडक. त्या भुशानं सगळी शेडच खोकायची, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. सहा वर्षं आपण तसं काढलं, इंदू. माझा खोकला आणि तुझी सही. घसा खरवडून निघायचा माझा. म्हणून तू घरून आलेपाक करून आणायचीस, आल्याचा ठसका असलेला, आणि बसमध्ये माझ्या हातावर ठेवून म्हणायचीस, खा, तुझा घसा म्हणजे माझी नोकरी. मला ते प्रेम वाटायचं. तू तर सरळ हिशेब सांगत होतीस, मीच ऐकलं नाही. रीळ ऐकणाऱ्या बाईला माणूस ऐकू आलं नाही.

मग आमचे हे आजारी पडले. मैत्रीचे आजोबा, कोंडीराम. आता ते नाहीत तर नाव घ्यायला काय हरकत. छातीत पाणी झालं आणि रातोरात दवाखान्यात न्यावं लागलं. मी सकाळी बस थांब्यावर येऊन तुला सांगून गेले, दोन दिवस येत नाही, साहेबांना सांग. तिसऱ्या दिवशी आले तर तू गेटवरच उभी. म्हणालीस, काळजी करू नको, तुझं कार्ड मी दोन्ही दिवस पंच केलंय, खाडा पडणार नाही. आपल्यात तेव्हा सगळ्याच बाया एकमेकींची कार्डं मारायच्या. मला रडू आलं होतं, खरं सांगते. तुझा हात धरला होता मी. मग तू एक कागद काढलास. म्हणालीस, ऑफिसला कुणकुण लागलीय, तर दोन दिवसांच्या रजेचा अर्ज असलेला बरा. वाचूनही दाखवलास, "पतीच्या आजारपणामुळे दोन दिवस रजा मिळावी, आपली नम्र चिमाबाई." किती गोड वाचलंस. मी अंगठा दिला. तुझ्याच पेनाची शाई फासून, आठवतं? पुसायला तूच टिशू दिलास.

आठ दिवसांनी मला गेटवर अडवलं. म्हणाले, तुम्ही राजीनामा दिलाय. मला वाटलं उद्धवरावानं डाव साधला. तू गळ्यात पडून रडलीस. मी तुलाच समजावलं, जाऊ दे बाई, तुझी तरी टिकली.

एकोणीस वर्षं मी उद्धवरावाला शिव्या दिल्या. बिचाऱ्याला रोज उचकी लागत असेल.

नोकरी गेली तसं विम्याच्या दवाखान्याचं कार्डही बंद झालं. आठ महिन्यांनी हे गेले. कार्ड असतं तर वाचले असते असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण अखेरच्या दिवसांत औषध अर्धं अर्धं करून घ्यायचे आणि मला सांगायचे की आज गरज वाटली नाही. तेवढं तरी पुरतं घेतलं असतं. मी म्हाळुंग्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, त्याच लाटण्यानं. तुझ्या टेबलाच्या खणातून ते मला वॉचमननं आणून दिलं होतं. तू पहिले तीन हिवाळे आलेपाक पाठवलास, मग विसरलीस. विसरण्यात तू पहिल्यापासून हुशार. माझ्यामागं ठोकायचं काम तू नव्या पोरांच्या कानांवर सोपवलंस आणि आपण नुसती सही करत राहिलीस, हे मला मैत्रीकडून कळलं.

आता मैत्रीनं काय केलं ते ऐक. स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधायला तिला कंपनीतल्या जुन्या फायली दिल्या. त्यात तिला आजीचा अंगठा सापडला. वर तुझं अक्षर. घरी येऊन तिनं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. लिहिलंय असं, की सोमवार-मंगळवारी रिळं मी तपासली, इंदुताईंना न विचारता तपासली, माझ्या हयगयीनं अकरा सैल रिळं बाहेर गेली, चूक कबूल आहे, स्वखुशीनं काम सोडते. त्याच दोन दिवसांचं माझं कार्ड मारलेलं. म्हणजे मी दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसले होते आणि चाकणात अकरा रिळं नासवत होते, एकाच वेळी. मागं खोकायला कुणी नव्हतं म्हणून तू चाचपडलीस, आणि तुझं चाचपडणं माझ्या अंगठ्याखाली पुरलंस. कार्ड मारलंस ते आधी मायेनंच मारलं असशील, एवढं मी धरून चालते. पण मग त्याच मायेचा फास केलास.

तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, असं लिही म्हणते मैत्री. नाही लिहायचं. वाटतं. चांगलं ठसठशीत वाटतं. सकाळी चहा पितानाही वाटतं. या वयात मला एवढी भूक कशाची लागली नव्हती.

आणि एक सांगते, आता मी कुठलाही कागद दोघींकडून वाचून घेते. हे पत्र मैत्रीनं लिहिलं, आणि ती कामावर गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या नेहाला बोलावून पहिल्यापासून वाचायला लावलं. ही ओळसुद्धा मी नंतर मैत्रीला सांगून भरायला लावली. नातीवर विश्वास नाही असं नव्हे. पण विश्वास होता नव्हता तो मी तुझ्या कागदावर उमटवून बसले. खाली अंगठा आहे तो माझाच. वर काय लिहिलंय ते मला या वेळी माहीत आहे.

आता कामाचं. शुक्रवारी त्या तीन रिळांपुढं तू उभी राहशील तेव्हा पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीत मी असेन. कामगारांच्या घरच्यांना आमंत्रण आहे आणि मैत्रीनं माझं नाव दिलंय. आजारी पडायचा बेत असेल तर सोड, तुझ्या लेकानं, विक्कीनं, अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलंय, दोन गाड्या भरून येणार आहेत म्हणे. रिळं मांडायचं काम मैत्रीकडेच आहे. कुठलं कुठं ठेवणार ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला माणसांचं बोलणं आता कमी ऐकू येतं, रीळ ऐकू येतं. लाटणंही मीच घेऊन येते, तेच जुनं, तुझ्या हातात देईन. तर ठोकायच्या आधी माइक तुझ्या हातात असेल. त्यात माझं नाव घे, तो कागद कुणी लिहिला ते सांग, आणि कोंडीराम त्या दोन दिवसांत कुठं होते तेही सांग, सगळं, तुझ्या सुनेच्या नि नातवंडांच्या देखत. सांगितलंस तर मी पूर्वीसारखी खोकेन. तुला माफ केलं म्हणून नाही, रीळ चुकीचं ठरू नये म्हणून. आणि सांगणार नसशील तर गुरुवारपर्यंत विक्कीच्या हाती आलेपाक पाठव. चांगला पावशेर पाठव, आलं दुप्पट घाल, साखरेत कंजुषी करू नको. शुक्रवारी मला चुकूनसुद्धा खोकला यायला नको.

तुझीच,
चिमा