एसीचा पट्टा

प्रिय पिटुकले,

हे पत्र घरी न येता तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनचे टाके निघाले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यापासून त्यांना जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू स्वतःच उचलावीशी वाटतेय. माझं उलट चाललंय. मी या आठवड्यात वाकलेलीच आहे, आणि कशावर ते ऐकून तू हसशील. आपल्या गाडीच्या इंजिनावर!

आपली म्हातारी गाडी एसी लावला की किंचाळायला लागली होती. आधी बारीक शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, मग असा की सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला कानावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागला. थोड्या वेळाने गार हवा कोमट व्हायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "एसी हवाय कशाला? खिडक्या उघड. जन्मभर तसेच फिरलो ना आपण?" मी म्हटलं, "या वेळी हवाच." का, म्हणून विचारलं त्यांनी. मी कारण सांगितलं. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "गॅरेजमध्ये टाक." गॅरेजवाला महिनाअखेरीपर्यंत हात लावणार नव्हता आणि मला तेवढं थांबायचं नव्हतं. तसं म्हटल्यावर ते उठले, अंगणात खुर्चीवर जाऊन बसले आणि पान्यांचा डबा पायानेच माझ्याकडे सरकवला.

तुला त्यांचं शिकवणं माहितीये. सायकल शिकवताना तुला रडवलं होतं, तसंच! बॉनेट उघडायच्या आधी म्हणाले, "किल्ली काढ आणि खिशात टाक. फिरत्या पट्ट्यात बोट गेलं तर मला बोलावू नकोस, मला वाकता येत नाही." आपल्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा आहे, इंजिनाच्या कडेला, दोन-तीन कप्प्यांच्या चाकांवरून फिरणारा. मधोमध अंगठ्याने दाबला तर तो जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा ढिला लागला. पिळून आतली बाजू बघितली, तर आडव्या भेगा पडलेल्या आणि कडा घासून काचेसारख्या चकचकीत झालेल्या. मग लांब उभं राहून गाडी चालू केली. एसी लावला की ओरड, बंद केला की गप्प. गॅस संपलाय, अमुक बिघडलंय, असले माझे सगळे तर्क तिथेच संपले.

पट्ट्यावरचा नंबर उतरवून दुकानातून नवा आणला. दुकानदारीण म्हणाली, "कोण बसवणार?" मी म्हटलं, "मीच." तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि हातमोजे फुकट दिले. पण जुना पट्टा काढायचा, तर ताण देणाऱ्या कप्पीचा नट सैल व्हायला हवा, आणि तो काही केल्या हलेना. मी पान्याला अक्षरशः लोंबकळले. बोटांची सालटी निघाली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले, तशी मी ओरडले, "खाली बसा!" शेवटी नटावर तेल सोडलं, चहा करून प्यायले, परत आले आणि सगळं वजन टाकलं. कट् असा आवाज झाला. पिटुकले, तुझ्या दहावीच्या निकालाला सुद्धा मी एवढी नाचले नव्हते.

मी लगेच नवा पट्टा चढवायला निघाले, तर बाबा म्हणाले, "थांब. आधी प्रत्येक कप्पी हाताने फिरवून बघ." एसीची मोठी कप्पी लोण्यासारखी फिरली. ताणाची मात्र दाताखाली वाळू आल्यासारखी करकरली, आणि मध्येच अडकली. आतलं बेअरिंग गेलं होतं. बाबांनी चष्मा काढला, उगाच पुसत बसले. "ओरडत होता पट्टा, म्हणून आपण दोष त्यालाच देत होतो," म्हणाले, "अडवत होती ही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी पोरीला जुळवून घे म्हणालो होतो गं." मी डोकं बॉनेटमध्येच ठेवलं.

कप्पीही नवी आणली. खाचेत खाच बसवून पट्टा चढवला, ताण दिला, नट आवळला. भर दुपारी चढाच्या रस्त्यावर गाडी काढली, काचा बंद, एसी पूर्ण. चूं नाही की चां नाही. बाबांना मुद्दाम मागे बसवलं होतं, तर पाऊण रस्त्यात म्हणतात, "शाल आणली असतीस तर बरं झालं असतं." घरी आल्यावर इंजिन बंद करून पट्टा पुन्हा दाबून बघितला. जागच्या जागी, ताठ.

आता नीट वाच. मागच्या फोनवर तू "सगळं छान चाललंय" म्हणालीस, आणि म्हणण्याआधी थांबलीस, कुणाकडे तरी बघून परवानगी घेतल्यासारखी. त्याआधी भर उन्हाळ्यात तू लांब बाह्यांचा कुर्ता घालून आली होतीस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता विचारत बसणार नाही. तुझ्या गोटूचं अंग घामोळ्यांनी भरलंय, त्याला इतक्या लांबच्या प्रवासात उकाड्यात ठेवता येणार नाही, म्हणून एसी हवा होता. शुक्रवारी तुझी सुट्टी व्हायच्या वेळी आम्ही वाचनालयाच्या मागच्या फाटकाशी असू. पाळणाघरातून गोटूला घे आणि ये. कपडे-भांडी काही नको, फक्त तुझी कागदपत्रं आणि त्याचं औषध. बाबा पुढे बसतील, मागची सीट तुमची. त्या दिवशी तुझा पाय निघाला नाही, तर मी रागावणार नाही, फाटकापर्यंत येऊन नुसता हात हलव. आम्ही परत जाऊ, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा येऊ. त्याच्या पुढच्याही.

काही झालं तरी तुझीच,
आई