धुक्याच्या जाळीने सुटलेला प्रश्न पुन्हा टंचाईच्या यादीत घेणेबाबत

दि. ९ मे २००५

प्रति,
मा. टंचाई निवारण अधिकारी साहेब,
तालुक्याचे कार्यालय.

अर्जदार : नवसाबाई पुंजाराम गावित, रा. वाघझिरीपाडा, ता. पेठ, जि. नाशिक.

विषय : आमचा पाण्याचा प्रश्न सुटलेला नसल्याचे मान्य करून टँकर पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : 'कायमचा टंचाईमुक्त पाडा' हा आमच्या वेशीवरील फलक, फेब्रुवारी २००४.

महोदय,

१. या जाळीच्या कामात कोणाचा काय लाभ होता, ते आधी मांडते. जाळी बनवणाऱ्या इंजिनिअर साहेबांना परदेशी बक्षीस, निधी आणणाऱ्या संस्थेला नाव, सरपंचांना फोटो आणि अर्जदारास सून. कोरड्या पाड्यावर मुलगी कोण देतो? अर्जदाराचा मुलगा चंदर याच्या स्थळासाठी आलेले सोयरे आधी रांजणात डोकावत आणि चहा न घेता उठत.

२. संस्थेचे म्हणणे असे की, शंभर गावांवर पैशाचे शिंतोडे उडवून काही भिजत नाही. सगळा निधी, सगळी अक्कल एकाच पाड्यावर ओतावी, प्रश्न मुळासकट उपटावा आणि तोच नमुना देशभर न्यावा. त्याप्रमाणे आमच्या डोंगरमाथ्यावर धुके अडवणारी मोठी जाळी उभी राहिली, तिच्याखाली सिमेंटची टाकी. खोटे कशाला बोला, श्रावणात टाकी भरून वाहिली. पण साहेब, श्रावणात आमची कौलेही वाहतात.

३. टंचाईमुक्ती जाहीर करण्याचा कार्यक्रम फेब्रुवारीत ठरला, कारण पावसात पाहुण्यांच्या गाड्या घाट चढत नाहीत. आदल्या दिवशी पाहिले, तर टाकीत पाल फिरत होती. इथे अर्जदाराकडून चूक घडली. आमच्यात आल्यागेल्याला आधी पाणी, मग रामराम. अर्जदाराने बायांना हाकारले, "एवढी मानसं लांबून येतील न् टाकी रिती दिसंल, तं आपली लाज काय राहील?" सगळ्या बाया दरीतल्या झिऱ्यावर उतरल्या आणि डोक्यावरून पाणी आणून टाकी काठोकाठ भरली. रखरखीत उन्हात धुके आले कुठून, हे एकाही शहाण्याने विचारले नाही. पाणी मोजले, चाखले, टाळ्या झाल्या. इंजिनिअर साहेबांचे डोळे भरून आले. ते पाहून खरे सांगणे आमच्या जिवावर आले. गर्दीत उभ्या एका सोयऱ्याने टाकी पाहिली आणि आपली मुलगी भागुबाई चंदरला देऊन टाकली.

४. उन्हाळा लागला, टाकी आटली, पण दरसालचा टँकर आला नाही. विंधनविहीरही शेजारच्या पाड्याला गेली, कारण आमच्याकडे जाळी आहे. कार्यालयात विचारले, तर उत्तर मिळाले, "बाई, तुमचा प्रश्न सुटलाय. सुटलेल्या प्रश्नाला टँकर नसतो." अर्जदाराने टाकी कशी भरली ते कबूल केले. तेव्हा, "मग फसवणुकीचा गुन्हा तुमच्यावरच लागेल, मावशी," असे सांगण्यात आले. आता आमच्या डोक्यावरच्या हंड्यांचे आकडे धरून आणखी पाड्यांवर जाळ्या उभ्या राहणार आहेत, असे कळते. त्यांचे टँकर तरी आधीच बंद करू नयेत.

५. मागला उन्हाळा कसाबसा काढला. यंदा पोटुशी भागुबाई दरीच्या वाटेवर हंड्यासकट घसरली. पाय मोडला. मूल अजून शाबूत आहे, पण पुन्हा दरी उतरली तर डॉक्टर हमी देत नाहीत. ती माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आत्याबाई, तुमची टाकी काय लग्नापुरतीच भरली व्हती? टँकर आला म्हंजे या न्यायला."

६. तरी विनंती की, गुन्हा नोंदवायचाच तर अर्जदारावर खुशाल नोंदवावा, अंगठा खाली दिला आहे. पण टँकर आधी पाठवावा. त्या दिवशी टाकी भरणाऱ्या आम्ही सगळ्या धडधाकट आहोत. भरपाई केली ती तिने, जी तेव्हा पाड्यावर आलीही नव्हती. आणि उरलेली करायची वेळ आली आहे त्या जिवावर, ज्याने अजून पाण्याचा एक घोटही घेतलेला नाही.

टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नवसाबाई पुंजाराम गावित (डाव्या हाताचा अंगठा)

अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिणार : हिरामण महाले, निवृत्त पोस्टमन