खालच्या आळीचं पाणी

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. पेपरात फोटो पाहिला. दात काढायला बसल्यासारखा चेहरा आहे, पण हार चांगला आहे. पाणी समितीचा अध्यक्षही झालास, आनंद आहे. पण दादा, पुराणमतवाद्यांच्या तिकिटावर? ज्या क्लबात आपल्याला टाकी धुवायला मागच्या दारानं बोलवायचे, तिथं त्या मंडळींनी तुला पुढच्या दारानं नेलं म्हणे. खुर्ची मऊ होती का, ते कळव.

एका गावात राहून टपालानं बोलणारी भावंडं आपणच. पोस्टमन आता हसणंही सोडून बसलाय. अकरा वर्षं तू आमच्या, म्हणजे अभियंत्यांच्या, बंगल्याची पायरी चढला नाहीस, मीही आग्रह सोडला. पण ह्यांची पालिकेतल्या नोकरीची मुदत तीस तारखेला संपते आहे आणि ती वाढवायची की नाही हे आता तुझ्या हातात आहे. हे नुसता चहा गार करून पितात. तू खरंच त्या मंडळींच्या मताचा झालास, की फक्त आमच्यावर दात धरून तिकडे गेलास, एवढं सांग.

वहिनींना नमस्कार. राग असला तरी पत्र पाठव.
तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

खुर्ची मऊ आहे. तळघरातली टाकी अजून गळते. मंडळी भाषणं करत होती आणि मी खालची टपटप ऐकत होतो. आयुष्यभर गळती शोधायला पाइपाला सळी लावून कान दिलाय, सवय जात नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींपासून सुरू होतं. बाप गेल्यावर आपल्याला वर्कशॉपमागची खोली त्यांनी दिली, हे तुला सांगायला नको. त्यांची पद्धत तुला पाठ असेल. नवी लाइन टाकली की ती जुनीच्या शेजारी वर्षभर चालवायची. कडक ऊन, कडक थंडी, सगळं तिनं सोसलं की मगच जुनी बंद. मी विशीत असताना त्यांना सांगितलं होतं की ही भित्र्या माणसाची रीत आहे. ते चिडले नाहीत. म्हणाले, वरच्या आळीत लाइन फुटली तर लोक टँकर मागवतात, खालच्या आळीत फुटली तर बाया बादल्या घेऊन टेकडी चढतात. तेव्हा प्रयोग कुणाच्या पाठीवर चाललाय ते बघून धीट हो.

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या साहेबांना नव्या लाइनीच्या उद्‍घाटनाची तारीख गाठायची होती. त्यांनी आठवड्यात जुने बिडाचे पाइप उपटले. मिस्त्री भरल्या सभेत विरोध करायला उभे राहिले, तर साहेब म्हणाले की या नगरपालिकेतला सगळ्यात गंजका पाइप आपल्यासमोर उभा आहे. सभा हसली. मी मागच्या रांगेत होतो, कोण कोण हसलं ते मला आवाजावरून ठाऊक आहे. थंडीत नवी लाइन फुटली. खालची आळी एकोणीस दिवस कोरडी. अहवालात दोष मिस्त्रींच्या जोडांवर आला, खाली साहेबांची सही. मिस्त्री दोन वर्षांत गेले.

मी तिकडे का गेलो? कारण जे चालतंय ते काढण्याआधी हात थरथरावा असं म्हणणारी या गावात तेवढीच माणसं आहेत. त्यातली निम्मी स्वतःच्या बंगल्यांसाठी तसं म्हणतात, हेही मला कळतं. मी बादल्यांसाठी म्हणतो. आणि दात धरून गेलो का, तर हो. तत्त्वही खरं, सूडही खरा. अकरा वर्षं मी वॉर्डात घरोघर नळ दुरुस्त केले ते काही फक्त पुण्य म्हणून नाही. तीस तारखेला साहेबांना सभेत उभं करणार आहे.

तुझ्यावर राग नाही. तू हसली नव्हतीस, मी कान देऊन होतो.
आशीर्वाद आहेतच,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी हसले नाही, कारण लिहिणाऱ्यानं आपल्याच वाक्यावर हसायचं नसतं. ह्यांची भाषणं मी लिहायचे. मिस्त्री विरोधाला उठणार हे ठाऊक होतं, त्यासाठीचं गंजक्या पाइपाचं वाक्य माझं होतं. ह्यांनी ते दोनदा खोडलं, मी दोनदा परत घातलं. अहवाल मात्र ह्यांचाच, त्यात माझं अक्षर नाही.

आता माझं ऐक. तुझ्या हातात मिस्त्रींनी पाना दिला त्या दिवशी माझ्या हातात खराटा दिला. तू पाइपाला आटे पाडायचास, मी लोखंडाचा कीस झाडायचे. मला तुझ्यापेक्षा चांगले आटे पडायचे, चोरून पाडून पाहिले होते. मी त्यांच्याकडे मागितलं तेव्हा ते म्हणाले, मुलींनी असलं कधी केलेलं नाही. बस, एवढंच कारण. तू म्हणतोस चालतंय ते काढताना हात थरथरावा. ज्याचं चालतंय त्याचा थरथरू दे. माझ्या वाट्याला त्या जुन्या लाइनीतून थेंब आला नाही, मी ती उपटायला मदत केली.

खालच्या आळीतल्या एकोणीस दिवसांचं मात्र मला वाईट वाटतं. रोज वाटतं. ह्यांना काढायचं तर काढ, पण योग्य माणसावर राग धर.
तुझी,
धाकटी

३१ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

काल साहेब सभेत उभे राहिले, मिस्त्री उभे होते तिथंच. सगळ्यांना वाटलं मी त्यांना घरी बसवणार. मी एका महिन्याची मुदत दिली. दर महिन्याच्या शेवटी त्यांनी यायचं, उभं राहायचं, मागायचं. मी दर वेळी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचणार. उपटाउपटी मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

मिस्त्री गेल्यापासून त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, दर आठवड्याला माझ्याकडे येतात आणि तुझी चौकशी करतात. धाकटी किती शिकली म्हणून कौतुक करतात. ते वाक्य कुणाचं, हे तू स्वतः जाऊन त्यांना सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी तीन वर्षांची मुदत. तोवर महिना महिना.

खराट्याचं आठवतं. तो तुझ्या हातात होता म्हणून पाना माझ्या हातात होता, हे मला तेव्हाही कळायचं. पाना बरा वाटत होता, गप्प बसलो. तरीही जा आणि सांग.
दादा

१२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काकूंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं, शब्द न शब्द. त्यांनी बस म्हटलं नाही, मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या म्हणाल्या की मरेपर्यंत माफ करणार नाहीत, आणि मला ते पटलं.

हे ऐकून त्याच संध्याकाळी ह्यांनी राजीनामा दिला, सोबत जुन्या अहवालाबद्दल लेखी कबुलीही. आम्ही बंगला सोडून खालच्या आळीत खोली घेतली आहे. तेव्हा तुझी तीन वर्षं तुझ्याकडेच ठेव. महिन्याच्या शेवटी समोर कुणी उभं राहणार नाही.

तुझ्या शेजारच्या वॉर्डातली जागा रिकामी आहे, तिथं पोटनिवडणूक आहे. मी सुधारकांकडून अर्ज भरला. निवडून आले तर पाणी समितीतच बसणार, तुझ्या समोरच्या खुर्चीवर. सूचक म्हणून त्या वॉर्डातली कुणीतरी जुनी मतदार हवी होती, म्हणून काकूंना विचारलं. मला वाटलं दार लावतील. त्यांनी चष्मा शोधला आणि म्हणाल्या की चाळीस वर्षं त्या वर्कशॉपचा उंबरा त्यांनाही ओलांडू दिला नव्हता, माफीचा आणि सहीचा काही संबंध नाही. सही नीट, पूर्ण नावानं केली आहे.

तू मोठा आहेस, नमस्कार करतच राहीन. समितीत मात्र उठून उभी राहणार नाही.
तुझी,
धाकटी