बेचाळीस नंबरचं दार

बाबा,

काल गोदामात मी माझी सगळी अंतराळयानं उलटी करून पाहिली. उलटी म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ माझ्याकडे. मुंबईबाहेरचं हे गोदाम महिनाअखेर रिकामं करायचं आहे, कारण टीव्हीच्या मालिकांना आता हाताने बांधलेलं यान लागत नाही. नटांच्या मागे हिरवा कपडा ताणतात आणि यान नंतर संगणकावर काढतात. काय ठेवायचं आणि काय मोडीत काढायचं याची यादी मला करायची आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "यादी कायले पाह्यजे, मांगं नंबर आहेत ना." आहेत. लाल पेन्सिलीतलं तुमचं अक्षर अजून वाचता येतं, एक ते एक्केचाळीस. बेचाळीस नंबरचं दार तेवढं मी उलटं केलं नाही. त्याच्याबद्दल लिहायलाच हे कागद घेऊन बसले आहे, आणि त्याच्यापाशी पोचायच्या आधी बाकीचं सगळं लिहीत बसणार हेही मला ठाऊक आहे.

मारेगावबाहेरची ती कापसाची जिनिंग मला आधी दिसत नाही, ऐकू येते. दिवाळीनंतर आपल्या घरात भांडीसुद्धा तिच्या घरघरीने थरथरायची. तुम्ही तिथले फिटर. दसऱ्याच्या आधी सगळ्या मशीन उघडल्या जायच्या, झाकणं रॉकेलने पुसून बारदान्यावर मांडली जायची आणि प्रत्येकाच्या मागे तुम्ही लाल पेन्सिलीने लिहायचे: कुठल्या मशीनचं, कुठल्या बाजूचं, कितवा बोल्ट आधी आवळायचा. मी नऊ वर्षांची आहे. आईने दिलेला डबा घेऊन आले आहे, तुम्ही मालकाकडे गेलेले आहात, आणि मदत करावी म्हणून मी रॉकेलचा बोळा घेऊन झाकणं पुसते आहे, पुढून आणि मागूनसुद्धा, अगदी चकाचक. तुम्ही आलात, पाहिलंत आणि खाली बसलात. ओरडला असता तर बरं झालं असतं. "नंबर पुसला तं वस्तू मरते, बाई," एवढंच म्हणालात. "मंग ते कुठची होती, कोनाले माहीत?" पुढचे चार दिवस तुम्ही एकेक झाकण एकेका मशीनला लावून पाहत होता. पाचव्या दिवशी अर्धी झालेली लाल पेन्सिल माझ्या दप्तरात सापडली. विचारलं तर म्हणालात, "पुढच्या खेपेले तू लिहिजो." ती पेन्सिल मी बारावीपर्यंत जपली आणि मग वसतिगृहात कुठेतरी हरवली. हेही तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

नंतरची वर्षं तुम्हीच पाहिलीत, मी काय सांगू. बोंडअळीने बोंडं पोखरली, भाव पडले, गावात दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात माणसं जमलेली असायची. जिनिंग एक हंगाम अर्धीच चालली, दुसऱ्या हंगामात महिनाभर, आणि तिसऱ्या दसऱ्याला मशीन उघडल्याच नाहीत. बाकीची माणसं कुणी राजूरला कोळशाच्या खाणीवर गेली, कुणी नागपूरला. तुम्ही मात्र रोज सकाळी इस्त्रीची खाकी घालून, किल्ली घेऊन तिथे जायचे, तेलाची बुधली फिरवायचे आणि संध्याकाळी परत. आई मला फोनवर सांगायची, "निघाले पाहा तुह्ये बाबा, माहेरी." हसायची, पण डबा रोज भरून द्यायची.

तेव्हा मी मुंबईत सेट उभारण्याच्या कामात नवी होते. मुलांच्या एका मालिकेसाठी मला पहिल्यांदाच एकटीला काम मिळालं होतं: अवकाशात भरकटलेलं यान, सगळं जागच्या जागी, फक्त माणसं नाहीत. थर्माकोलवर चंदेरी रंग मारून मी तीन नमुने केले आणि तिन्ही बघून दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं. मग मला तुमची जिनिंग आठवली. यवतमाळला मालकांच्या दुकानात जाऊन परवानगी मागितली. माणूस भला. म्हणाले, "शूटिंग करा, पत्रे लागन ते बी घेऊन जा. मार्गशीर्षात शेड पाडाचंच आहे, तिथं घरांचे प्लॉट पडून राह्यले. पन बाबाले इतक्यात नका सांगू. मीच सांगतो." मी "बरं" म्हणाले आणि दुपारच्या बसने मारेगावला आले.

तुम्ही स्वयंपाकघरात भाकर चुरत बसला होता. मी यानाचं सांगितलं, पत्रे काढून धुवावे लागतील, दिवे लावावे लागतील म्हणाले. तुमचा घास हातातच राहिला. "म्हंजे झाडझूड होईन, लाइट येईन. शेटचा इचार दिसते मंग चालू कराचा." आईने माझ्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हणाले, "असंल बाबा." दोन शब्द. मला यान हवं होतं, आणि ते यान तुमच्यावाचून उभं करता आलं नसतं.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात वाईट आहेत, दोन्ही एकाच वेळी. मशीनच्या दोन रांगांमधली वाट म्हणजे यानाचा बोळ झाला. कापूस ओढणारा जाड नळ डोक्यावरून गेला होता, त्याच्यातून मी दिवे सोडले. मीटर-बोर्डाची खोली झाली चालकाची खोली, आणि तिचं पत्रा ठोकलेलं लाकडी दार, ज्यातून यानातली माणसं बाहेर पडली आणि परत आली नाहीत ते दार. तुम्ही त्याला विमान म्हणत होता. "हे बटन कायचं आहे?" तुम्ही विचारलंत.

"कशाचंच नाही बाबा. नुसतं दिसायला."

"मंग लावलं काहून? अन् इतके लाल दिवे कायले? चालू मशीनवर एकच दिवा जयते. बाकीचे जयले म्हंजे बिघाड."

मी बावीस दिवे काढून टाकले. दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि प्रथमच तोंड वाकडं न करता कॅमेरा लावायला सांगितला. पुढे लोक माझ्या यानांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, आतलं सगळं खरंच चालत असल्यासारखं वाटतं म्हणायचे, तेव्हा मी मान हलवून ते स्वतःकडे घ्यायची.

आवाजाचंही तसंच. यानाचं इंजिन ऐकू यायला हवं होतं आणि वीज फक्त दिव्यांपुरती होती. तुम्ही पट्टा काढलात आणि मोठा शाफ्ट हाताने फिरवायला लागलात. ध्वनिमुद्रण करणारा माणूस माइक धरून तुमच्या शेजारी उभा राहिला. दहा मिनिटं तुम्ही फिरवत होता. कापसाच्या रुईची बारीक धूळ इतकी वर्षं तुमच्या छातीत बसलेली, तुम्हाला खोकला आला, तुम्ही तोंड दाबून धरलंत, तरी एकदा आलाच. "कापून टाकतो," तो मला म्हणाला. मी ऐकून पाहिलं. शाफ्टच्या घरघरीत तो खोकला खोल कुठूनतरी आल्यासारखा वाटत होता, रिकाम्या यानात कुणीतरी असल्यासारखा. मी म्हणाले, राहू दे, चांगला आहे. तुम्ही बाजूला पाणी पीत होता.

चित्रीकरण संपलं आणि सुटं करायचा दिवस आला. तुम्ही कोरी खाकी घालून आलात, खिशात नवी लाल पेन्सिल. मुंबईच्या माणसांना तुम्ही हात लावू दिला नाहीत. प्रत्येक पत्रा स्वतः उतरवलात आणि मागे लिहिलंत. पत्रे मुंबईला का चालले आहेत हे मी सांगितलं होतं, मालिकेचे पुढचे भाग तिथे होणार आहेत म्हणून. ट्रकचं फाळकं लावताना तुम्ही विचारलंत, "परत आनशीन ना?" मी म्हणाले, "आणीन." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुमच्या हाताला ग्रीसचा वास होता.

त्या पत्र्यांतून मी नऊ यानं केली. एका मालिकेतली भिंत दुसरीत जमीन व्हायची, बोळ उलटा जोडला की शत्रूचं यान, निळा रंग दिला की दुसऱ्या ग्रहावरचं ठाणं. कामगार बदलत गेले, पण प्रत्येकाला मी आधी मागचे नंबर वाचायला शिकवलं. "पाच नंबर, उजवी बाजू, वरचा बोल्ट आधी" असं वाचून परभणीचा नाहीतर बिहारचा माणूस यान जोडत होता, आणि तिकडे त्या पाच नंबरच्या मशीनच्या जागेवर कुणाच्यातरी घराचा पाया खणला गेला होता. समोरची बाजू हव्या तितक्या वेळा रंगवा, मागच्या बाजूला ब्रश लावायचा नाही, हा माझा नियम. आवाजही तोच फिरत राहिला, कारण तो चांगला होता आणि हाताशी होता. तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी एका नव्या मालिकेचा पहिला भाग पाहत होते. यान अंधारातून सरकत येतं, घरघर सुरू होते, आणि तुम्ही खोकलता. मी उठून पाणी आणायला गेले. पाण्याचा पेला भरून हातात घेतल्यावर कळलं की पाणी कुणाला द्यायचं तेच नाही. तेव्हापासून प्रत्येक यानात तुम्ही ठरावीक वेळाने खोकलत आला आहात, आणि मी एकदाही तो कापायला सांगितला नाही. आधी चांगला वाटला म्हणून, आणि नंतर धीर झाला नाही म्हणून.

दर रविवारी तुमचा फोन यायचा. "पत्रे बरे आहेत?"

"आहेत बाबा."

"पानी तं नाही लागून राह्यलं?"

"नाही."

"आनजो मंग."

"आणते."

मार्गशीर्षात शेड पडलं, तुम्ही ते पाहायला गेला होता असं आईने सांगितलं, आणि त्या रविवारीही तुम्ही हेच विचारलंत, त्याच सुरात. मी तीच उत्तरं दिली. पुढच्या पोळ्याच्या आधी तुम्हाला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा तुम्ही अजून शुद्धीवर होता, पण पत्र्यांचं तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मी काही बोलले नाही.

आता ते दार. मुंबईला ट्रक उतरला त्याच दुपारी मी नंबर तपासत होते. एक्केचाळीस पत्र्यांच्या मागे जागा लिहिलेल्या होत्या. बेचाळीसच्या दारामागे नंबर होता आणि खाली सावकाश, मोठ्या अक्षरात तुम्ही लिहिलं होतं: "याची जागा आता राह्यली नाही. मले शेटनं सांगतलं होतं. तूच ठेवजो." मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. म्हणजे कोरी खाकी घालून आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. परत आणशील ना विचारलंत तेव्हाही माहीत होतं. ज्यांना जागाच उरली नव्हती त्या एक्केचाळीस पत्र्यांच्या मागे तुम्ही एकेक बोल्ट लिहून दिलात, आणि मला खोटं बोलताना ऐकून डोक्यावर हात ठेवलात. तेव्हा तुम्ही जिवंत होता. फोन पाच पावलांवर होता. बाबा, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं, तुम्ही नक्की हसला असता.

मी करडा रंग मागवला आणि दाराची मागची बाजू स्वतः रंगवली. कामगारांनी आश्चर्याने पाहिलं, तेव्हा सांगितलं की एका दृश्यात हे दार उघडतं आणि कॅमेऱ्यात दोन्ही बाजू दिसतात. त्यानंतर प्रत्येक यानाच्या वेळी एकेक हात चढत गेला. मी नऊ वर्षांची असताना नकळत पुसलं होतं, या खेपेला कळून पुसलं. दर रविवारी तुम्ही "आनजो मंग" म्हणत होता ते मला बोलायला जागा करून देण्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आज पातीने रंग खरवडून पाहिला. करडा, निळा, पुन्हा करडा, असे थरावर थर, आणि खाली लाकूड. लाल काही निघालं नाही. यादीत एक ते एक्केचाळीसपुढे मोडीत लिहिलं आहे आणि बेचाळीसपुढे ठेवायचं. हे कागद पाठवायला पत्ता नाही, दाराच्या मागेच ठेवेन. एक गोष्ट तेवढी कामगारांना, आईला, कुणालाच सांगितली नाही. त्या दृश्यात दार उघडत नाही, बाबा. नऊही यानांत ते एकदासुद्धा उघडलेलं नाही.