शनिवारची नाडी

प्रिय अक्का,

आज डॉक्टरांशी भांडून आलोय, म्हणून तुला लिहायला बसलो. भांडलो तुझ्या सुमनसाठी.

तू गेल्यावर तिलाही साखरेचा आजार निघाला. तुझ्यासारखीच रोज सकाळी इन्सुलिनची सुई घेते, आणि तुझ्यासारखाच शनिवार धरते. आज दुपारी दुकानात आली ती घामानं ओली. हातातलं दुरुस्तीचं घड्याळ खाली ठेवून मी तिची नाडी धरली. मध्येच ठोका गळत होता. मिनिटात अकरा वेळा.

"पोटात काय आहे?"

"शनिवार हाये ना मामा. सुईनं काय उपास मोडते?"

अक्का, हे तुझंच वाक्य ना? उपास मोडत नाही, म्हणून सुई पूर्ण आणि पोट रिकामं. मी साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या तासानं पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं. एकही ठोका गळला नाही.

मग तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पंधरा सेकंद नाडी पाहिली, चारानं गुणलं. "ठीक आहे. तुम्ही घड्याळं पाहा, माणसं आम्ही पाहतो."

"पूर्ण मिनिट ऐकल्याशिवाय मी घड्याळसुद्धा उघडत नाही, साहेब. अन् सुई आणि उपासाचं काय ते लिहून दिल्याशिवाय इथून उठत नाही."

बाहेर बसलेले लोक माना उंचावून पाहू लागले. शेवटी लिहून दिलं: उपास बंद, सुई घेतली की जेवायचंच. सही मी तारखेसकट घेतली.

घरी येऊन तुझी वही काढली, तुझी नाडी मोजून मी लिहायचो ती. तारीख, वार, वेळ, ठोके. गळलेले ठोके लाल शाईत, आणि लाल शाई सगळी शनिवारी. मी म्हणायचो, मारुतीच्या रांगेत उभी राहून दमतेस. तू म्हणायचीस, "तुले देवाचं काऊन एवढं वावडं रे?" मी समजत होतो, साबुदाणा तरी खात असशील. तू पाण्यावर राहायचीस, हे आज सुमनकडून कळलं; मला, सख्ख्या भावाला, तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. एवढा काटेकोर मी, आणि जेवणाचा रकानाच पाडला नव्हता!

सुमनच्या वहीत तो पाडलाय. पाचवा रकाना: पोटात काय. तो भरल्याशिवाय तिला सुई भरू देणार नाही, अक्का, शनिवार असो की एकादशी. देव रुसला तर त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याच्यापुढे तुझी वही उघडीन.

तुझा,
बापू