घुमटाला टेकून

३ ऑगस्ट, रविवार
सेजलच्या नव्या फ्रॉकच्या मानेवरचं लेबल अर्चनाने कापलं, टोचणारी शिवणही आतून सपाट केली. घातला! दिवसभर काढला नाही. नऊ वर्षांच्या मुलीने नवा फ्रॉक घातला — आमच्या घरात हे लिहून ठेवण्यासारखंच.

६ ऑगस्ट
तुयेहून गोकुळदासदादाचा फोन. मूळ घर म्हणून चवथीला, गणपतीला, सगळे इथे सर्वणलाच येणार. शेवटी हळूच म्हणाला, "धाकू, पाच दीस सेजलाक मामागेर धाड. तिकाय बरें, आमकाय."
गेल्या वर्षीचं तो विसरलेला नाही. आरतीत कासाळी — पितळी झांजा — सुरू झाल्या आणि तिने स्वतःचा हात चावून रक्त काढलं. दादा तिच्या वाइटावर नाही. पण देव घरात येणार आणि घरची मुलगी बाहेर?
अर्चना तिची आई. ती एवढंच म्हणाली, "ती गेली तर हांवय वतलें. नेवऱ्यो तुमीच तळात!" आणि करंज्या आम्हा भावांना कुठल्या जमायला!

९ ऑगस्ट
देवघरातल्या घंटेच्या लोळ्याला फडकं गुंडाळलं. वाजवली — ठप्! सेजल पळाली नाही, उंबऱ्यावर बसून राहिली.
शेजारचा संदीप हसला. "मुकी घंटा! देव जागो कसो जातलो रे?"
म्हटलं, "तो निजलो केन्ना?"

१४ ऑगस्ट
चवथीच्या आरतीसाठी घुमट, मातीच्या मडक्याला कातडं बांधलेलं आमचं वाद्य, खुंटीवरून काढलं. पावसाने कातडं सैल झालेलं, म्हणून चुलीपाशी शेकलं आणि बोटांनी हलकेच वाजवून पाहिलं. सेजल आली. मी थांबलो. तिने माझा हात धरून परत कातड्यावर ठेवला!
वाजवत राहिलो. ती वळली, मडक्याच्या पोटाला पाठ चिकटवून डोळे मिटून बसली. आणि हसू लागली.
डिचोलीच्या थेरपीवाल्या मॅडम म्हणतात, तिच्या अंगाला दाब लागतो, थरथर आवडते. गादीखाली शिरून, तांदळाच्या पोत्याआड घुसून ती जे शोधत होती, ते खुंटीवर टांगलेलं होतं! आम्ही समजत होतो तिला आरतीच नको. तिला फक्त कासाळी नको होत्या.

१५ ऑगस्ट
आज सेजलने घुमट स्वतःच ओढत आणलं. वाजवत बसून माझी मांडी बधिर!

२० ऑगस्ट
दादाला कळवलं. सेजल इथेच राहील. फटाके नाहीत, कासाळी नाहीत, फक्त घुमट.
"मागीर चवथ कसली रे?"
फोन ठेवला त्याने. देवासमोर बसलो. काही मागितलं नाही.

२७ ऑगस्ट, चवथ
सगळे आले! गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली मी घुमट घेऊन बसलो, पाठ लावून सेजल. आरती सुरू होणार तोच दादाच्या मुलाने, देवेशने, सवयीने कासाळी उचलल्या. माझा हात थांबला. पण दादानेच त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि आपल्या मांडीखाली दाबून बसला.
सेजल शेवटपर्यंत बसली. आरती संपली तशी स्पष्ट म्हणाली, "परत."
बाप्पाला यंदा दोनदा आरती! दुसऱ्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज दादाचा.

२८ ऑगस्ट
सकाळी चहात पाव बुडवत दादा म्हणाला, "काल तिका बघून याद जाली. ल्हान आसतना तूंय आरतीक खाटीखाला लिपतालो. म्हणून बाबान तुका घुमट दिल्लें."
मला वाटायचं, माझा हात चांगला म्हणून दिलं.